उंबरठ्यावरचा दोन तोंडांचा रुपया

नाणी जमवणाऱ्या माणसांचं आणि माझं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. कापसाचे दिवस सुरू झाले की आमच्या मलकापुरात यातला एखादा उगवतोच. व्यापारी चांगला माल शोधत येतात, हे बिघडलेला शोधत येतात. गेल्या आठवड्यात आलेला पुण्याचा होता. गळ्यात दोरीनं बांधलेलं भिंग, हातात पांढरे पातळ मोजे आणि बोलणं असं की जणू मी कानानं अधू आहे. माझ्या ओट्यावर बसून त्यानं चहा घेतला, रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांकडे बघून ‘किती ऑथेंटिक!’ म्हणाला, आणि मग मुद्द्यावर आला.

“आजोबा, तुम्ही पूर्वी कापडाच्या दुकानात नाणी पारखायचात म्हणे. तुमच्याकडे एरर पीस असतील ना? टांकसाळीत चुकलेले?”

सध्या चुकलेल्या नाण्याला भाव आहे. सरळ पाडलेला रुपया कोणी हुंगत नाही. राजाचा कान दोनदा उमटलेला पाहिजे, चित्र कडेला घसरलेलं पाहिजे, काठावरचे दाते गायब पाहिजेत. अशा रुपयाला ही मंडळी मखमलीवर निजवतात आणि एकमेकांना दाखवून हुरळून जातात. टांकसाळीतला कोणी कामगार एक दिवस पेंगला, त्याच्या पेंगण्याची यांना एवढी किंमत. आमच्या वेळी असा रुपया एखाद्याच्या हातात सापडला, तर त्या माणसाची धडगत नव्हती.

मी त्या पुणेकराकडे बघत होतो, पण नाकात वास शिरला होता तो सरकीचा. दुसऱ्या महायुद्धाची लढाई सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाच्या हंगामाचा. सकाळी सकाळी कापसाच्या जिनिंगचा भोंगा व्हायचा, स्टेशनाच्या बाजूनं गाठी लादणाऱ्या हमालांची ओरड ऐकू यायची, आणि नऊ वाजेपर्यंत सगळ्या गावावर कापसाची बारीक धूळ उडायला लागायची. ती भुवयांवर बसायची, चहात पडायची, खळ केलेल्या नव्या लुगड्यांवर पडायची. दुकान उघडलं की माझं पहिलं काम फडक्यानं काळा दगड पुसायचं. त्या दगडावर मी रुपये वाजवायचो. दिवसभर चांदी हाताळून बोटांची टोकं काळी पडत आणि भाकर खाताना तिला धातूची चव येई. मला ती चव आवडायची. मी एकवीस वर्षांचा होतो आणि भयंकर शहाणा होतो.

शहाणपण कशाचं म्हणाल, तर मी सातवीची फायनल पास होतो आणि इंग्रजी अक्षरं लावून वाचता येत होती. कचेरीवरच्या पाटीतलं प्रांताचं नाव, ‘सी. पी. अँड बेरार’, मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायचो, कोणी विचारलेलं नसताना. दुकानात मी वऱ्हाडी बोलत नसे. मास्तरासारखं छापील बोलायचो, खेडूत गिऱ्हाईक दबावं म्हणून. नथ्थूशेठना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, त्याचं फार कौतुक होतं. दुकानात कोणी नवा आला की ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, “ह्या पोराच्या हातून खोटा रुपया सुटत नाई. सरकारले चुकवील, पर ह्याले नाई.” मी मान खाली घालून हसायचो. तो हसरा चेहरा आज समोर आला तर मी त्याच्या थोबाडीत मारीन.

दिवस संशयाचे होते. सरकारनं रुपयातली चांदी कमी केली होती, नवा बिनदाढीचा राजा असलेला रुपया बद्द वाजायचा. जुना दाढीवाला राजा लोक मडक्यात पुरून ठेवत. जालन्याकडून येणारे गाडीवान निजामाचा कमी मोलाचा हाली रुपया खपवायला बघत. जो तो दुसऱ्यानं दिलेलं नाणं दातानं, नखानं, दगडावर तपासून घ्यायचा. अशा वेळी माझ्यासारख्या दीडशहाण्याला जत्रेतल्या देवासारखा मान मिळतो. माझी परीक्षा साधी होती: सरकार चुकत नाही. नाण्यावर चूक दिसली की नाणं खोटं, आणि नाणं खोटं म्हणजे ते आणणारा खोटा. इतकं सोपं होतं.

आणि खोटं ठरलेल्या नाण्याचं काय करायचं, त्याचीही रीत ठरलेली होती. दुकानाच्या सागवानी उंबरठ्यावर ते खिळ्यानं ठोकायचं. येणाऱ्या प्रत्येकानं ते ओलांडून आत यायचं. आमच्या उंबरठ्यावर सहा-सात तरी असतील. शिशाची एक अधेली होती, जस्ताची पावली होती, एक रुपया तर चक्क कथलाचा होता. प्रत्येकाला धन्याचं नाव चिकटलेलं. ही नांदुऱ्याच्या तेल्याची, ही तांगेवाल्याची, असं शेठ गिऱ्हाइकांना पायानं दाखवून सांगत. दसऱ्याला उंबरठ्याची पूजा होई तेव्हा त्या नाण्यांनाही हळदकुंकू लागायचं. शेठ त्यांच्यापुढे हात जोडायचे आणि उठून पुन्हा त्यांच्यावर पाय द्यायचे.

त्या हंगामात, संक्रांतीच्या आधीच्या एका बाजारी गिरजाबाई आली. गिरजाबाई नळगंगेच्या काठी मळा करायची. वांगी, मिरची, कांद्याची पात. नवरा रामजी वारून चारेक वर्षं झाली होती आणि काशी नावाची एकच लेक होती. गिरजाबाईचं वजन बाजारात कोणी पुन्हा करून बघत नसे. ती म्हणाली पावशेर, तर पावशेर. दुसऱ्या माळणी आपली टोपली तिच्या नजरेखाली ठेवून पाणी प्यायला जायच्या. काशीचं नांदुऱ्याला जमलं होतं आणि तिच्यासाठी हिरवं लुगडं घ्यायला आई आली होती.

लुगडं निवडायला तिनं सकाळ घातली. काठ उलटून बघितले, पदर चुरगाळून बघितला. दुकान वेचणीच्या बायांनी भरलेलं, सगळ्यांच्या केसांत कापूस. शेवटी तिनं एक बाजूला काढलं आणि कमरेची गाठ सोडून रुपये माझ्यासमोर ठेवले. मी एकेक उचलून दगडावर वाजवत होतो. शेवटचा उचलला. वर दाढीवाला राजा, डावीकडे बघणारा. उलटवला. पलीकडेही राजाच, पण आत दबलेला आणि उजवीकडे तोंड केलेला, ओल्या मातीत कोणी तोंड दाबावं तसा. ना साल, ना वेलबुट्टी, ना रुपया हा शब्द. मी असलं काही पाहिलं नव्हतं, आणि मी न पाहिलेलं जगात असूच शकत नाही अशी माझी तेव्हा खात्री होती.

“बाई, हा कुठून आणला?” मी आवाज चढवून विचारलं. लोकांनी ऐकायला हवं होतं ना!

“काऊन? घरचा हाये. काशीचे बाबा सडकेवर गिट्टी फोडाले जात, तिथल्या पगारातला. ते म्हनत, दोन राजे आले आपल्या घरी. देवापाशी ठेवला होता इतके दिवस.”

“यावर रुपया असं कुठेच लिहिलेलं नाही.”

“मले वाचता येत नाई बावा. तू वाजवून पाह्य.”

मी वाजवला. तो असा वाजला की पायरीवर बिडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्यानं मान वळवली. इतका स्वच्छ आवाज त्या आठवड्यात दुसऱ्या कुठल्या रुपयानं दिला नव्हता. तो आवाज मी ऐकला. माझ्या कानांत काहीही दोष नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

“आवाजाचं काय घेऊन बसलात,” मी म्हणालो, “खोटी नाणी पाडणारे आता हुशार झाले आहेत.”

“मंग तोल न. तोळाभर भरते का नाई, पाह्य.”

रुपयाचं वजन बरोबर एक तोळा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सोनार तोळ्याच्या मापाऐवजी रुपयाच वापरत. तराजू शेजारच्या सोनाराकडे होता, चार पावलांवर. मी उठलो नाही. फायनल पास माणसानं एका माळणीच्या सांगण्यावरून उठायचं म्हणजे काय! दुकानातल्या सगळ्या नजरा माझ्यावर होत्या आणि मला त्या फार गोड लागत होत्या.

“खोटा आहे,” मी म्हणालो.

“ठोक बे,” शेठ गादीवरून म्हणाले.

मी हातोडी आणली. खिळा राजाच्या गालावर धरला. चांदी शिशासारखी मऊ नसते, तिसऱ्या घावाला खिळा आत गेला आणि भोकाच्या कडेनं एक बारीक चीर राजाच्या दाढीपर्यंत गेली. बाया बघत उभ्या होत्या. मघाशी गिरजाबाईला काठ निवडून देणारी बाई आता दोन पावलं लांब सरकली होती. शाब्बास आमचा समाज! एवढ्या झटपट तर कापूससुद्धा पेट घेत नाही.

गिरजाबाई रडली नाही, भांडली नाही. उरलेले रुपये तिनं पुन्हा गाठीत बांधले. लुगड्याची घडी होती तशी नीट घातली आणि म्हणाली, “माह्या मेलेल्या मानसाले खिळा ठोकला तू.” मग उंबरठ्याच्या अगदी कडेनं, त्या रुपयावरून पाय जाणार नाही अशी निघून गेली.

पुढच्या बाजारी ती आली. आत नाही, पायरीखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, “वामनभाऊ, तोलला का?”

मी म्हणालो, त्याची गरज नाही. ती गेली. त्याच्या पुढच्या बाजारी पुन्हा आली. डोक्यावर टोपली तशीच, “तोलला का?” दुकानातली माणसं हसायची. मीही हसायचो, सगळ्यांच्या जरा नंतर. बाजारात आता तिच्या वजनावर लोक डोळा ठेवायला लागले होते. सुटे पैसे दिले की घेणारा वाजवून बघायचा. तिच्या नजरेखाली टोपली ठेवून जाणाऱ्या माळणी दुसरीकडे बसायला लागल्या. ‘खोट्या रुपयावाली’ हे नाव नांदुऱ्यापर्यंत जायला रेल्वेची गरज पडली नाही.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा पोतदार दुकानात आले. पोतदार म्हणजे तालुक्याच्या खजिन्यात येणारं प्रत्येक नाणं हातानं पारखणारा माणूस. पिकले केस, तोंडात पान. धोतरजोडी घ्यायला आले होते. आत पाऊल टाकता टाकता थबकले आणि उंबरठ्यापाशी चक्क उकिडवे बसले. अंगठ्यानं रुपयावरची धूळ पुसली.

“कोनाचा हा?”

“एका माळणीचा,” मी म्हणालो.

“तोलला होता का?”

मी समोरच्या लुगड्याची घडी उगाच सारखी करायला लागलो.

“अबे, चांदीचा हाये हा. टांकसाळीत कधी कधी पाडलेला रुपया वरच्या साच्याले चिपकून राह्यते. कोनाच्या ध्यानात येत नाई. त्याच्याखाली दुसरी चकती आली का त्या रुपयाचं तोंड तिच्यात दाबल्या जाते. चांदी तीच, वजन तेच. म्या माह्या जिंदगीत असे दोन पाह्यले. सरकारची चूक हाये ही. खजिन्यात आनला असता तर बदलून देल्ला असता.”

शेठ गादीवरून उठून आले. त्यांना उठलेलं मी फार वेळा पाहिलं नव्हतं. “पोतदारसाहेब, जरा हळू बोला. दुकानात गिऱ्हाईक हाये.” मग त्यांनी आतल्या फळीवरची तलम धोतरजोडी काढली आणि तिच्या पैशाचं नावही काढलं नाही. पोतदारांनी जोडी काखेत मारली. जाताना रुपया ओलांडून गेले, खाली न बघता. सरकारची चूक ओळखणारा तो पहिला माणूस मी पाहिला आणि त्याची किंमतही तिथेच पाहिली.

ते गेल्यावर शेठ मला म्हणाले, “काढला तर लोकं म्हनतील, नथ्थूच्या दुकानात खऱ्याचं खोटं करतेत. अन् तुह्या पारखीले कोन इचारन मंग? राहू दे.”

खिळा उपटू नये म्हणून कोणी माझा हात धरला नव्हता. पक्कड गल्ल्याखालीच होती. पण ‘तुह्या पारखीले कोन इचारन’ हे ऐकलं आणि मला एकदम हलकं वाटलं, खरंच हलकं वाटलं. शेठनीच नको म्हटलं, आता माझा काय दोष! दुसऱ्याच्या आडोशाला उभं राहून स्वतःची कातडी वाचवण्यात जे सुख असतं ते मी त्या दिवशी पोटभर भोगलं. बाजारी गिरजाबाई आली. “तोलला का?” मी तिच्या टोपलीतल्या वांग्यांकडे बघून म्हणालो, “तोलला. कमी भरला.”

म्हणजे आधी मी मूर्ख होतो, त्या दिवशी हरामखोर झालो. मूर्खपणाची मला फारशी लाज वाटत नाही.

तिनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. त्यानंतर ती दुकानासमोर कधी उभी राहिली नाही.

काशीचं लग्न मोडलं नाही. काशी जुन्या लुगड्यात बोहल्यावर उभी राहिली. मांडवात गिरजाबाईनं व्याह्याच्या हातावर मानाचे रुपये ठेवले, तर त्यानं वरवंटा मागवला आणि सगळ्या गोतासमोर एकेक रुपया त्याच्यावर वाजवून घेतला. हे मला शेजारच्या सोनारानं हसत हसत सांगितलं. त्याच सोनाराचा तराजू चार पावलांवर होता. मीही हसलो. मग मागं गोदामात जाऊन कापडाच्या ठाणांआड बसलो, पण कोणी बोलावल्यावर लगेच बाहेर आलो. माझ्या पश्चात्तापाचं आयुष्य तेवढंच होतं.

मग लढाई संपली, राजे गेले, प्रांत गेला, पाटी बदलली. गिरजाबाई गेली ते मला तेराव्यानंतर कळलं. मी दुकानातून निवृत्त झालो तेव्हा शाल मिळाली आणि भाषणात कोणीतरी म्हणालं, यांच्या नजरेतून खोटं कधी सुटलं नाही. टाळ्या पडल्या. शेठच्या नातवानं पाच वर्षांपूर्वी दुकान पाडून काचेचं केलं आणि उंबरठा सरपणात टाकला. मी गेलो आणि पक्कडीनं तो रुपया काढून घेतला. चाळीस वर्षं तुंबलेलं काम दोन मिनिटांत झालं. घरी आणून सुपारीच्या डबीत ठेवला आणि तिथेच ठेवला. काशी विधवा होऊन माहेरच्या मळ्यात परत आली होती, माझ्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. पाच वर्षांत मला तो अर्धा तास सापडला नाही.

त्या पुणेकराला मी डबी का दाखवली, माहीत नाही. त्यानं मोजे सावरले, भिंग लावलं आणि त्याचा श्वासच अडकला. “ब्रॉकेज! फुल ब्रॉकेज!” पोतदारांनी सांगितलेल्या चुकीचं हे इंग्रजी नाव. मग भोक दिसलं आणि तोंड पडलं. “अरेरे, आजोबा! हे कुठल्या अडाण्यानं केलं? भोक नसतं तर याला किती मिळाले असते, कल्पना आहे तुम्हाला?”

अडाणी हा शब्द माझ्यासाठी त्या दिवसांत कोणी वापरला असता तर बरं झालं असतं. रामजीनं उन्हात गिट्टी फोडून मिळवला तेव्हा तो एक रुपया होता. गिरजाबाईनं लुगड्यासाठी दिला तेव्हा तो गुन्हा होता. आणि आता ह्या पांढऱ्या मोज्यांना तो दुर्मिळ वाटत होता. भोक असलं तरी घेतो म्हणाला, थोडं कमी करून. मी त्याच्या हातातून रुपया काढून घेतला आणि चहाचा कप उचलून आत गेलो. तो बाहेर ‘आजोबा, आजोबा’ करत राहिला. कापसाच्या गाड्या जात होत्या, त्यांच्याकडे बघायला त्याला सांगायला हवं होतं.

काल दुपारी मळ्यात गेलो. काशीबाई मिरच्या खुडत होती. आईसारखीच दिसते, फक्त वाकलेली. मी नाव सांगितलं. तिनं ओळखलं होतं. मी छापील बोलायचं ठरवून गेलो होतो, आणि बोललो ते आमचंच.

“काशीबाई, तुह्या मायचा रुपया खरा होता. मले तवाच मालूम होतं.”

मी डबीतून रुपया काढला. तिनं हात लुगड्याला पुसले आणि उजवा पुढे केला. रुपया तळहातावर घेऊन जरा वरखाली केला, तिच्या आईनं मला सांगितलं होतं तसा तोलला. अंगठा दोन्ही राजांवरून फिरवला, भोकावरून फिरवला, चिरेवरून फिरवला. मग विहिरीच्या काठावरच्या दगडावर तिनं तो टाकला.

ठप्प आवाज झाला, खापराचा तुकडा पडावा तसा. चीर गेलेला रुपया कधीच वाजत नाही, हे पारख्याला कोणी सांगायला लागत नाही.

काशीबाईनं तो उचलला आणि माझ्या हातावर परत ठेवला.

“आमचा रुपया वाजत होता, वामनभाऊ,” ती म्हणाली. “हा तुमचा हाये. घेऊन जा.”